राजाच्या आधी येणारा आवाज

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसते ती वाफ. मग वाफेमागून हळूहळू एक टेबल पुढे येतं. त्यावर जुन्या पांघरुणाच्या घड्या, घड्यांवर कडा जळलेलं पांढरं कापड. डाव्या हाताला दोरीवर टांगलेले शर्ट, आत माणसं नसलेले, तरी रांगेत उभ्या दरबाऱ्यांसारखे अदबशीर. उजव्या हाताला झाकणाला भोकं पाडलेला पाण्याचा डबा. मागे एक फुलाफुलांचा पडदा, त्याच्या पलीकडे या घरातली एकुलती एक खोली. वेळ सकाळची. टेबलाशी एक बुटका, रुंद छातीचा माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात जड इस्त्री. तो शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवतो आणि म्हणतो, "राजाधिराज." खांद्यावर नेतो, "चक्रवर्ती." डाव्या बाहीवर, "सार्वभौम." उजव्या बाहीवर, "एकछत्र."

तेवढ्यात पडद्यामागून बायकोचा आवाज येतो. "सार्वभौम झालं असेल तर तो निळा शर्ट घ्या आधी. गिऱ्हाईक दारात ताटकळलंय."

हे आमचे बिरुदकाका.

ज्यांनी जुनी राजेशाही नाटकं पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं. आमच्या कंपनीत राजा आपला आपण रंगमंचावर येत नसे. तो यायच्या आधी त्याची बिरुदं पुकारली जात. कोण येतोय, कुणाचा मुलगा, कुठल्या कुठल्या मुलखाचा धनी, कुणाकुणाला धूळ चारलेला, हे सगळं आधी हवेत भरून राहायचं आणि मग आमच्यासारखा पगारी नट, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घालून, आत शिरायचा. बिरुदं पुकारणारा माणूस प्रेक्षकांना दिसत नसे. उजव्या विंगेत एक लाकडी खोका असे, त्यावर उभे राहून, एक हात कानावर ठेवून, बिरुदकाका आवाज सोडत. त्यांचा चेहरा एकाही प्रेक्षकाने पाहिला नाही. पण तो आवाज आला की मागच्या रांगेत चुळबुळ करणारी माणसं नीट बसत, लेकरं रडायची थांबत आणि विंगेत उभ्या असलेल्या माझा कणा सरळ होई. मी जन्मभर राजे केले. घरी माझा शब्द कुणी मानत नसे, मांजरसुद्धा नाही. पण काकांचं शेवटचं बिरुद संपलं आणि मी पाऊल उचललं, की त्या क्षणी मी कुणाच्याही बापाला भीत नसे.

राजे आमच्याकडे सगळ्या जगातले असत. आज बादशहा, उद्या झार, परवा कैसर, मधल्या दिवशी एखादा साधा, आपल्या टेकडीएवढ्या राज्यात खूश असलेला राजा. प्रत्येकाची बिरुदं वेगळी, त्यांची चढण वेगळी. काकांना या गोष्टींचं मोठं प्रेम. तालमीच्या मधल्या वेळात चहाचा कप हातात घेऊन ते नव्या पोरांना समजावत. राजाला प्रजा असते, सम्राटाला राजे असतात. राजाचे सगळे मुलगे राजपुत्र, पण युवराज एकच, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत म्हातारं व्हायचं. राण्या कितीही असोत, पट्टराणी एक. आणि राजमाता व्हायला नुसता मुलगा असून भागत नाही, तो गादीवर लागतो. काही गोष्टी त्यांच्या चुकायच्यादेखील. एका परक्या बादशहाला त्यांनी कित्येक प्रयोग चुलतभावाची बिरुदं बहाल केली होती आणि ते कळल्यावर ते हसून म्हणाले होते, घरातल्या घरातच तर राहिली.

एकदा मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी विसरलो नाही. नाटकात राजा मरायचा, लगेच पुढच्या प्रवेशात त्याचा मुलगा गादीवर बसायचा. पहिल्या अंकात "महाराणी" म्हणून पुकारलेली बाई तिसऱ्या अंकात "राजमाता" म्हणून येई. प्रेक्षक टाळ्या वाजवत. काका म्हणाले, "महाराज, बघा ना. माझ्या एका श्वासात तिचा नवरा जातो आणि तिचा मान वाढतो. रडायला मधे जागाच नाही ठेवलेली."

मला ते महाराज म्हणत. विंगेत, बसमध्ये, चहाच्या टपरीवर, सगळीकडे महाराजच. पदव्या वाटायला त्यांना मागेपुढे काही नव्हतं. इस्त्रीच्या दुकानात रोज एकच शर्ट घेऊन येणारा पोस्टातला कारकून "चक्रवर्ती" होता. उंबऱ्यात बसून जगभरच्या चुका काढणारी शेजारची म्हातारी "राजमाता." पोटची मुलगी लहानपणापासून "युवराज्ञी," आणि ती बालवाडीत शिकवायला लागली तेव्हा तिथली पन्नास पोरं तिची मांडलिक झाली. बायकोला ते "सरकार" म्हणत. दुकान खरं म्हणजे वहिनींचं, त्यांच्या माहेरून आलेल्या इस्त्रीवर सुरू झालेलं. काका दिवसा त्यांना मदत करत आणि संध्याकाळी नाटकाला येत. "सरकार, जरा पाणी शिंपडा," असं काका म्हणाले की वहिनी डबा उचलत म्हणत, "नाव सरकार आणि पाणी भरायला मीच. बरं आहे तुमचं राज्य."

काकांच्या कामातली एक कला बाहेरच्यांना ठाऊक नव्हती. बिरुदांची ललकारी किती लांब करायची हे पुस्तकात छापलेलं नसे, ते विंगेतल्या राजाकडे बघून ठरे. एकदा माझ्या झग्याचा नाडा ऐन वेळी तुटला. सुई-दोरा घेऊन कपडेवाला गुडघ्यावर बसला, मी दोन्ही हातांनी राज्याची अब्रू धरून उभा, आणि पलीकडे काकांची ललकारी सुरू झालेली. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं. खरी बिरुदं संपली. मग त्यांनी डोंगर घेतले, नद्या घेतल्या, मी आठ दिशांच्या दरवाज्यांचा मालक झालो, वाऱ्याचा जामीनदार झालो, उन्हाचा वाटेकरी झालो, दुष्काळाला उंबऱ्यावर अडवणारा झालो. नाडा शिवून होईपर्यंत त्यांनी मला देव करायचाच काय तो बाकी ठेवला. मी आत पाऊल टाकलं तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि माझी आई गेली त्या दिवशी, प्रयोग रद्द होणं शक्य नव्हतं म्हणून मी विंगेत उभा होतो, तेव्हा काकांनी एवढ्या हळू, एवढ्या सावकाश बिरुदं घेतली की मला रडून, डोळे पुसून, पुन्हा राजा व्हायला वेळ मिळाला.

पुढे माझेच गुडघे गेले. सिंहासनाच्या पायऱ्या चढवेनात तेव्हा मी निरोप घेतला. माझ्या जागी एक उंच, देखणा, तरुण नट आला. कंपनीही बदलली. दिग्दर्शक नवा आला, आमच्या निम्म्या वयाचा, डोक्याने तल्लख, माणूस म्हणून अजिबात वाईट नाही. त्याने जुन्या माणसांतून काकांना तेवढं ठेवलं, कारण तसा आवाज दुसरीकडे नव्हता.

त्याने बसवलं ते नाटक एका बुडत्या साम्राज्याचं होतं. सम्राट म्हातारा, मांडलिक फुटलेले, खजिना रिकामा, पण दरबार अजून भरतो आणि बिरुदं अजून पुकारली जातात. तालमींच्या दिवसांत काकांचा घसा बसला. "चक्रवर्ती" म्हणताना आवाज मधेच फाटायचा, वाळक्या पानावर पाय पडल्यासारखा. काकांना लाज वाटली. ते दिग्दर्शकाकडे गेले, म्हणाले, थोडे दिवस द्या, मिठाच्या गुळण्या करतो, येईल ताळ्यावर. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. त्याने काकांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "काका, काहीही करू नका. मला हाच आवाज हवा होता. राज्य मोडतंय आणि ललकारी खणखणीत, हे खोटं नाही का वाटणार?"

ही चूक फक्त आम्ही नाटकवालेच करू शकतो. घशाला चीर पडली आणि आम्ही म्हणालो, वा, काय अभिनय आहे.

मी पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांत बसलो होतो. अंधारातून तो फाटका आवाज आला, "राजाधिराज," आणि पूर्ण थिएटरच्या अंगावर काटा आला. साम्राज्य काय होतं आणि आता काय उरलंय, ते त्या एका शब्दात कळलं. सम्राट आत येण्याआधीच लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजाच्या आधी, नुसत्या आवाजाला टाळ्या, हे काकांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. वर्तमानपत्रात त्यांचं नाव छापून आलं. काकांनी ते कात्रण दुकानात आरशाच्या कडेला खोचलं. पोस्टातल्या चक्रवर्तींनी ते दोनदा वाचलं. शेजारच्या राजमातांनी म्हटलं, घसा बसल्यावर नाव होतं हे आधी कळलं असतं तर मी कधीच मोठी नटी झाले असते.

वहिनी मात्र कान टवकारून होत्या. त्यांना त्या आवाजातली कला दिसेना, त्यांना खरखर ऐकू येई. डॉक्टरला दाखवू या, असं त्या दर काही दिवसांनी म्हणत. काका हसत. "सरकार, या खरखरीला टाळ्या पडतायत. पैसे देऊन औषध आणायचं आणि ती घालवायची?"

नाटक चाललं. गावोगाव चाललं. आवाज दर महिन्याला थोडा अधिक फाटत गेला आणि दिग्दर्शक दर महिन्याला थोडा अधिक खूश होत गेला. मग काकांना घास गिळताना दुखू लागलं. ते पातळ खाऊ लागले, कान दुखतो म्हणू लागले. एक दिवस इस्त्रीला आलेल्या कपड्यांत वहिनींना त्यांचाच रुमाल सापडला, त्यावर रक्ताचा डाग होता. त्यांनी इस्त्री बंद केली, दुकानाची फळी लावली आणि काकांचा हात धरून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागदावर घशाचं चित्र काढलं आणि एका जागी पेन्सिलीने गोल केला. स्वरयंत्र काढावं लागेल, सगळं. गळ्याला पुढून एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. ते केलं तर माणूस जगेल, नाही केलं तर फार दिवस नाहीत. आधी आला असतात तर किरणांनी शेकून भागलं असतं, असंही त्या म्हणाल्या, आणि मग वहिनींचा चेहरा बघून त्यांनी तो कागद उलटा ठेवला. काकांनी विचारलं, बोलता नाही आलं तर कुजबुजता तरी येईल का. त्या म्हणाल्या, नाही, हवाच तोंडावाटे जाणार नाही. एक यंत्र मिळतं, गळ्याला लावून बोलायचं. त्यातून शब्द येतात. काकांनी विचारलं, कुणाच्या आवाजात. डॉक्टरीणबाईंनी खरं उत्तर दिलं, यंत्राच्या.

काका घरी आले आणि त्यांनी नाही म्हटलं.

युवराज्ञीने समजावलं, रडून झालं, भांडून झालं. दिग्दर्शक आला. बिचारा बसलाच नाही, दारात उभा राहून शर्टांच्या रांगेकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला की काका, मला कळलं नाही हो. काकांनी उलट त्याचीच समजूत काढली. तुम्हाला कसं कळणार, म्हणाले, मलाच आवडत होतं.

मग एका दुपारी वहिनी माझ्या घरी आल्या. इतक्या वर्षांत त्या एकट्या कधी आल्या नव्हत्या. हाताला अजून ओल होती, बहुतेक कपडे भिजवताना तशाच निघाल्या होत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "भावोजी, तुम्ही सांगा त्यांना. जन्मभर तुम्हाला महाराज म्हणत आलेत. माझं सरकार म्हणजे थट्टा. तुमचं महाराज ते मनापासून म्हणतात. तुम्ही हुकूमच करा."

हसू नका. मला त्या क्षणी ते शक्य वाटलं. माणूस हतबल झाला की पुठ्ठ्याच्या मुकुटालाही हात घालतो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. काका एका पोराच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करत होते. मी काठी दाराशी ठेवली, गुडघे दुखत असताना सरळ उभा राहिलो, श्वास पोटात घेतला आणि ज्या आवाजात मी कित्येक युद्धं पुकारली होती त्या आवाजात म्हटलं की आमचा हुकूम आहे, सेवकाने शस्त्रक्रिया करून घ्यावी. दोरीवरच्या शर्टांनी ऐकलं असेल. रस्त्यावरचा एक सायकलवाला तर थांबलाच.

काकांनी इस्त्री उभी ठेवली. छातीवर हात ठेवून मान लववली, अगदी रीतसर. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "महाराज, तुम्ही गादी सोडलीत. गादी सोडलेल्या राजाला मान असतो, हुकूम नसतो. मान दिला. आता बसा, चहा घ्या."

मी बसलो. दुसरं काय करणार. ते समोर स्टुलावर बसले आणि बोलू लागले. त्यांना मरायची हौस नव्हती, नाटकासाठी जीव देण्याइतके ते खुळेही नव्हते. नाटकाचं काय, ललकारीच्या जागी नगारा वाजवतील, म्हणाले. "पण सकाळी उठून हिला, चहा झाला का, असं विचारायचं तर ते कशाने विचारू? मुलीच्या बालवाडीतली पोरं मला आजोबा म्हणून हाक मारतात, ती वळून उभी असतात, ओ ऐकायला. मी ओ कशी देऊ? मुका माणूस घरात ठेवायचा म्हणजे हिलाच दोघांचं बोलावं लागेल. आधीच काम थोडं आहे का तिला?"

चहा गार झाला. मी काठी घेतली आणि घरी आलो. वहिनींना काय सांगायचं, ते चालताना शोधत होतो, सापडलं नाही. पण त्यांनी विचारलंच नाही. पडद्यामागे उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळपासून वहिनींनी अबोला धरला. रागाने नव्हे. त्या दारात उभ्या राहिल्या आणि शेवटचं एक वाक्य बोलल्या. तुम्हाला बोलायचं आहे ना, बोला, मी आता बोलणार नाही. आणि खरंच गप्प झाल्या. पहिल्या दिवशी काकांनी गंमत केली, सरकारांनी मौनव्रत घेतलं म्हणून दोरीवरच्या शर्टांना जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी चिडले. नंतर त्यांचंही बोलणं कमी झालं. गिऱ्हाईकं यायची, बघायची, काहीतरी बिनसलंय समजून कपडे ठेवून जायची. आठवडाभर ते दुकान असं चाललं, वाफेचा सूं आवाज आणि इस्त्री टेकवल्याची टप टप.

मग काका माझ्याकडे आले. पायरीवरच बसले. आवाज आता इतका उतरला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "महाराज, आठवडा झाला, तिने तोंड उघडलं नाही. आणि मला तिचं सगळं कळलं. चहा कधी झाला, पाठ कधी दुखतेय, कधी रडून आलीय, कधी मला शिव्या घालतेय. एकही गोष्ट अडली नाही. हरलो मी." ते हसले, पण ते हसणं खोकल्यात गेलं. "जा, सांगा तिला, करतो म्हणावं. मी बोललो तर तिला वाटेल फसवतोय."

मी वहिनींना सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. तारीख ठरली, पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारची. काकांनी एकच अट घातली. त्याआधीच्या रविवारी सकाळी, रिकाम्या थिएटरात, खोक्यावर उभं राहून सगळी बिरुदं एकदा घ्यायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या मुलखांची. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण एकदाच असेल तर असू दे, म्हणाल्या. दिग्दर्शकाने ध्वनिमुद्रणाची व्यवस्था केली. जुन्या माणसांना निरोप गेले. मला काकांनी सांगितलं की महाराज, नुसतं ऐकायला येऊ नका, शेवटचं बिरुद संपलं की आत यायचं. त्याशिवाय पुकारलं कुणासाठी? मी माळ्यावरून जुना झगा काढला. त्याला कसर लागली होती, तरी लांबून चालला असता.

गुरुवारी दुपारी मी तो झगा इस्त्रीला घेऊन दुकानात गेलो. काकांनीच तो टेबलावर पसरला. कॉलरवर इस्त्री ठेवली आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी एक बारीक शिट्टी आली. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा शिट्टी. मग ते टेबलाला धरून वाकले. ओठ निळे पडू लागले. मी त्यांना धरलं, पण एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला धरावं म्हणजे काय, दोघेही भिंतीला टेकलो. वहिनी धावत बाहेर आल्या. पोस्टातले चक्रवर्ती तेवढ्यात शर्ट न्यायला आले होते, त्यांनीच रस्त्यात आडवं होऊन एक टेम्पो थांबवला. काकांना मागे कपड्यांच्या गाठोड्यांवर टेकवून बसवलं. वाटेत ते वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून एकेक श्वास ओढून आणत होते, विहिरीतून घागर ओढावी तसा. मी समोर बसून बघत होतो. माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. टेम्पोवाल्याला मी दोनदा म्हटलं, लवकर चला, आणि तो म्हणाला, आजोबा, सिग्नल लाल आहे.

दवाखान्याच्या दारात त्यांना ढकलगाडीवर घेतलं. डॉक्टरीणबाई जिन्यावरून धावत आल्या, त्यांनी गळ्याला हात लावला आणि म्हणाल्या की वेळ नाही, श्वासाची वाट बंद होतेय, जे मंगळवारी करायचं ते आता करावं लागेल. लांब बोळातून गाडी निघाली. वहिनी गाडीची कड धरून शेजारून पळत होत्या. मी चार पावलं गेलो आणि गुडघ्याने साथ सोडली. बाकावर बसून मी ती गाडी लहान लहान होताना पाहिली. बोळाच्या टोकाला दोन झडपा होत्या, त्या उघडल्या आणि मिटल्या.

काका वाचले. आवाज गेला.

रविवारी, बेत रद्द झाल्याचा निरोप ज्यांना पोहोचला नव्हता ती जुनी माणसं थिएटरात आलीच. ध्वनिमुद्रणवालाही यंत्रं मांडून बसला होता. उजव्या विंगेत खोका कुणीतरी पुसून ठेवला होता. दिग्दर्शकाने सगळ्यांना हात जोडले आणि परत पाठवलं. पुढच्या प्रयोगापासून ललकारीच्या जागी नगारा वाजू लागला. वाईट वाजत नसे.

काका त्यानंतर काही वर्षं जगले. गळ्याशी पांढऱ्या कापडाची पट्टी, इस्त्री केलेली, रोज नवी. ते यंत्र आणलं होतं, एकदा लावून पाहिलं, त्यातून आलेला आवाज ऐकून शेजारच्या राजमाता दचकल्या, मग ते खणात गेलं आणि तिथेच राहिलं. कॉलर, खांदे, बाह्या, पाठ, काम पूर्वीसारखंच चाले, ओठही हलत. कुठल्या बाहीला कुठलं बिरुद चाललंय ते मला ओळखता येई. वहिनींना दोघांचं बोलावं लागलं, हे काकांचं भाकीत खरं ठरलं. त्या गिऱ्हाइकांशी बोलत, मुलीशी बोलत, आणि मधेच काकांकडे न बघता, "हो, कळलं, निळा शर्ट आधी," असं म्हणत. मी गेलो की काका छातीवर हात ठेवून मान लववत आणि स्टूल पुढे करत. मग आम्ही बसत असू. मी बोललो तर मला लाज वाटे, नाही बोललो तर जास्त वाटे.

ते गेले तेव्हा कंपनीने त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. दिग्दर्शकाला त्यात शेवटचे शब्द छापायचे होते. काय असतील, याबद्दल सगळ्यांचे आपापले अंदाज होते. कुणी म्हणे चक्रवर्ती, कुणी म्हणे राजाधिराज, सम्राट करणाऱ्या तरुण नटाला तर खात्रीच होती की त्या बोळातून जाताना काकांनी पूर्ण ललकारी घेतली असणार. गाडीशेजारून पळणारं माणूस एकच होतं. म्हणून मला पाठवलं.

वहिनी पाणी शिंपडत होत्या. मी विचारलं. त्यांनी डबा खाली ठेवला. म्हणाल्या, ललकारी कसली भावोजी, श्वास कुठे होता. त्या पळत होत्या आणि बोळात त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. तशाच फरफटत, एक पाय घासत, त्या गाडीबरोबर जात होत्या. काकांचे डोळे मिटलेले होते असं त्यांना वाटत होतं. झडपा आल्या, गाडीवाल्याने वहिनींना हात सोडायला सांगितलं, तेव्हा काकांनी मान वळवली, वहिनींच्या पायाकडे पाहिलं, उरलेला सगळा श्वास गोळा केला आणि म्हणाले:

"अगं, ती चप्पल काढ आधी. पडशील."